पित्ताशय असलेला माणूस

इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनाने आधी संगणकाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा संगणकाकडे. आणि काही विशेष नसल्यासारखं सांगून टाकलं की तुमचं पित्ताशय तर मागच्या वर्षीच काढलेलं आहे.

झेरॉक्सकाकांचा हात आपसूक पोटावर गेला. पोट जागच्या जागी होतं आणि सकाळपासून दुखतही होतं. सदरा वर करून व्रण शोधावा असं त्यांना क्षणभर वाटलं, पण मागे रांग होती. न झालेलं ऑपरेशन माणूस विसरेल कसा, आणि झालेलं असेल तर लक्षात कसं राहणार नाही, या घोळात ते नुसतेच उभे राहिले.

झेरॉक्सकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवता चालवता ते चिकटलं, आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त कागदोपत्री उरलं. आता तेवढंही कोणीतरी उचललेलं दिसत होतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बजावलं होतं की पित्ताशय खड्यांनी भरलंय, सुजलंय, आता लांबवू नका, फुटलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन आरोग्यकार्डावर होणार होतं. पण त्या कार्डावर ते होऊनही गेलेलं, तेव्हा दुसऱ्यांदा मंजुरी मिळेना. कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "एका माणसाला एकच असतं ना ते?"

काकांना हे पटलं, हीच खरी पंचाईत होती.

पण काकू सोबत होत्या. लग्न झाल्यापासून हे एक रात्र घराबाहेर झोपलेले नाहीत, मग ऑपरेशन काय दुकानात बसल्या बसल्या झालं, असं त्यांनी कारकुनाला ऐकवलं. त्याने निमूटपणे संगणक त्यांच्याकडे वळवला. भरती होताना काढलेला फोटो होता. अंधूक, मिशी, चष्मा, दाढीचे खुंट. नाव काकांचं, जन्मतारीख काकांची. वडिलांचं नावसुद्धा काकांच्याच वडिलांचं. ते वाचून मात्र काकांना फार वाईट वाटलं. आपलं नेलं तर नेलं, बाप कशाला न्यायचा?

"हे आमचे नव्हेत," काकू म्हणाल्या.

कारकून म्हणाला, आजारपणात चेहरा उतरतो. आणि घरच्यांची साक्ष चालत नाही. काकांनी फोटो इतका वेळ न्याहाळला की शेवटी त्यांना त्यातले कान आपल्यासारखे वाटू लागले.

पोलीस ठाण्यात एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी तक्रार लिहून घेता घेता विचारलं, की तुमचं ओळखपत्र कुठे असतं? काका म्हणाले, दुकानात, काउंटरवर टांगलेलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

काकांनी मग भाबडेपणाने सगळं सांगितलं. लॅमिनेशन कसं होतं ते गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना लागतो. परक्याचं कार्ड कसं टांगायचं, ते बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी स्वतःचंच टांगलं. लोक ते हातात घेत, वाकवून बघत, कोणी फोटोही काढत. काका अभिमानाने सांगत, पाण्यात बुडवा, काही होणार नाही. खरंच काही झालं नाही, कार्ड अजून कोरं करकरीत होतं.

"आणि मोबाईलवर ओटीपी आला असेल ना? तो कोणाला सांगितलात?"

काका त-त-प-प करू लागले. कारण ओटीपी ते रोजच सांगत. गिऱ्हाइकांचे अर्ज ऑनलाइन भरून देताना ज्याच्याकडे मोबाईल नसेल, त्याच्या अर्जात ते आपला नंबर टाकत. दिवसभर ओटीपी येत, आणि काका हातातलं काम न सोडता ते मोठ्याने वाचून दाखवत. कोणता ओटीपी कोणाचा हे बघायला सवड कुणाला होती? त्यांतलाच एक त्यांच्या स्वतःच्या आरोग्यकार्डाचा होता, आणि तोही त्यांनी स्वच्छ आवाजात, बहुधा दोनदा, वाचून दाखवला होता.

"हात दाखवून अवलक्षण," काकू पुटपुटल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड बंद करायला लावलं, बँकेला कळवायला लावलं, सगळे पासवर्ड बदलायला सांगितले. आणि एक गोष्ट बजावली, की यापुढे कोणीही नाव, नंबर, काहीही विचारलं तर आधी त्यालाच विचारायचं: तुम्ही कोण, आणि हे कशाला हवंय? काकांनी मान डोलावली. मनात म्हणाले, असं विचारणं किती उद्धट दिसेल.

दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनीच मार्ग काढला. तातडीचं म्हणून आजच करून टाकू, कागदांचं मागाहून निस्तरू. काकूंनी देवाचे आभार मानले. काका मात्र खाटेवर उठून बसले आणि नको म्हणाले.

घामाने डबडबलेल्या त्या माणसाने मग कारण सांगितलं. "तो आणि मी, आमच्यात फरक एवढाच आहे की त्याचं पित्ताशय नाही आणि माझं आहे. ते तुम्ही काढून घेतलंत तर मी कोण ते मी कशावरून सांगू?"

सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे की, डॉक्टर म्हणाले. पण रिपोर्टवर नाव होतं, आणि नाव तर दोघांचं एकच होतं. काकू चिडल्या, रडल्या. "शिर सलामत तर पगडी पचास. तुम्हीच गेलात तर त्या नावाचं मी काय लोणचं घालू?" काकांनाही मरायचं नव्हतं. फक्त दुसऱ्याची गोष्ट खरी करून मरायचं नव्हतं.

शेवटी काकूंनी त्या पोलीस बाईंना फोन लावला. बाई स्वतः आल्या, इस्पितळाच्या नोंदी बघणाऱ्या अधिकाऱ्याला घेऊन. दोघांच्या देखत डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. पडद्यावर सुजलेलं, खड्यांनी भरलेलं पित्ताशय दिसलं. त्याच्यासकट काकांचा फोटो काढला, अंगठा घेतला, तिघांनी सह्या केल्या. नोंदी वेगळ्या झाल्या, नवं कार्ड निघालं. मंजुरी आली. इतक्या लोकांनी आपलं पित्ताशय पाहून समाधान मानावं, याची काकांना जरा लाजच वाटली.

तो दुसरा माणूस काही सापडला नाही. त्याने दिलेला पत्ता काकांचाच होता.

ऑपरेशन नीट झालं. काकू उशाशी बसल्या होत्या. काका गुंगीतून हळूहळू वर येत होते, तेवढ्यात परिचारिका कागद लावलेली फळी हातात घेऊन आली आणि माणूस शुद्धीवर आला का हे बघायला नेहमीचा प्रश्न तिने विचारला.

"काका, तुमचं नाव काय?"

काकांनी डोळे किलकिले केले. ओठ सुकले होते. काकू मनात त्यांच्या आधीच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या, कारण हा माणूस नाव विचारलं की गाव, नंबर सांगे आणि चहा घेणार का तेही विचारे.

"तुम्ही कोण?" काका म्हणाले. "आणि हे तुम्हाला कशाला हवंय?"

परिचारिका हसली. शुद्धीवर आलेत, अगदी चांगले आलेत, असं म्हणत तिने कागदावर खूण केली. मग सवयीने काकूंकडे वळून विचारलं, की हे तुमचेच ना?

काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कान तेच होते, मिशी तीच होती. त्या हो म्हणाल्या, पण ते लगेच म्हणणं त्यांना जमलं नाही.