कंबरेची तीन मापं

दोन हजार वीस सालच्या जुलैतल्या एका दुपारी टेलरबाई नवऱ्याच्या करड्या पँटची कंबर उसवत बसल्या होत्या. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका सुटत होता. खिडकीखालचा रस्ता चार महिने ओस होता; कोपऱ्यावरचा सिग्नल तेवढा, कुणासाठी कोण जाणे, लाल-हिरवा होत राहायचा. वारांची नावं विरून गेली होती. बाई दिवस ओळखायच्या ते उन्हाचा पट्टा शिवणयंत्रावरून भिंतीवर कधी चढतो त्यावरून.

"तुझं कापड हल्ली सैल पडतं," समोर चादर गुंडाळून बसलेले मास्तर म्हणाले. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, दोष नेहमी जमिनीला द्यायचा. "वय झालं त्याचं."

"माझं कापड सैल पडत नाही. घरी बसून सगळं जग फुगलं, तुमचं आपलं जगावेगळं."

"जेवतो की."

"चिमणी बरी."

पाच वर्षांपूर्वी मास्तरांच्या आतड्यातून एक गाठ काढली होती. तेव्हापासून दर मार्चला दुर्बिणीची तपासणी ठरलेली. या मार्चला हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन आला, की तातडीचं नसेल तर पुढे बघू, आम्हीच कळवू. सुट्टी जाहीर झालेल्या पोरासारखा मास्तरांनी फोन ठेवला. बाईंनाही हायसं वाटलं. त्या दिवसांत हॉस्पिटलच्या पायरीचंच भय होतं. पुढे कुणी कळवलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही.

नवं माप टिपायला बाईंनी वही उघडली. घरचं असो की गिऱ्हाइकाचं, माप तारखेसकट लिहायचं ही त्यांची रीत. मार्च, छत्तीस इंच. मे, साडेचौतीस. खाली त्यांनी आजचं लिहिलं, तेहतीस.

पेन्सिल हातातच राहिली. मेमध्ये त्यांनी कंबर इतक्या सफाईनं आत घेतली होती, की माणूस झिजतोय हे आरशालाही कळलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याकडूनच कोट शिवून घ्यायच्या. दवाखाना बंद होता, पण फोन उचलायच्या.

"काकू, वजन किती आहे त्यांचं?"

"घरात काटा नाही गं. कंबर सांगू?"

बाईंनी तीन ओळी वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी तारखा पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

"उद्या आठला मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी या. मी बोलून ठेवते. आणि काकू, आता पुढे ढकलायचं नाही."

सकाळी आतून मास्तरांची हाक आली.

"अगं, ही तर पोतं झाली. टीप मारायची विसरलीस?"

"मारलीच नाही. मेमधलीही उसवली."

"मग हातात धरून चालू?"

"हो. पट्टाही नको. डॉक्टरांना दिसू दे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग पट्टा परत खुंटीला अडकवून आले.

दारात कपाळाचा ताप मोजला. आत एकालाच सोडत होते. एका मुठीत कंबर, दुसऱ्या हातात फाइल, असे मास्तर त्या लांब पांढऱ्या व्हरांड्यातून तरंगत गेल्यासारखे गेले. निरोपाला हात करायचा, तर हात मोकळा नव्हता.

गाठ होती, पण जागची हलली नव्हती. ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी दवाखाना उघडला, तेव्हापासून डॉक्टरीणबाई आलेल्या प्रत्येकाला आधी विचारतात, कपडे सैल झालेत का. हॉस्पिटलातल्या त्या मुलीचाही फोन आला, पहिल्या फोननंतर अकरा महिन्यांनी. राहिलेल्या तपासणीची तारीख देऊ का म्हणाली. "झाली हो, आभारी आहे," मास्तर म्हणाले आणि खूप वेळ हसले.

त्यानंतर ते चार वर्षं जगले, आणि गेले ते हृदयानं, झोपेत.

ऑपरेशननंतर बाईंनी पँटची कंबर पुन्हा आत घेतली होती; मधल्या काळात ती टाक्याटाक्यानं सोडत आणली. वहीतलं शेवटचं माप साडेपस्तीस आहे. त्या दिवशी टेप गुंडाळताना त्या म्हणाल्या होत्या, "अर्धा इंच उरलाय."

"राहू दे," मास्तर म्हणाले होते. "तुला काही काम नको का?"

पँट कपाटात आहे. अर्ध्या इंचाची टीप बाईंनी उसवलेली नाही.