पट्टीखालचं नाव

मी एक जुना कागद आहे. जाड, खरबरीत, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं असलेला. माझ्या अंगावर ‘काजळी’ या कॉमिक्सच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र आहे. मूळ म्हणजे छापलेलं नव्हे, हाताने काढलेलं. छापलेल्या प्रती चाळीस हजार निघाल्या, मी मात्र एकच. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गहिवरतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात, असं मी ऐकलंय. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी सदतीस वर्षं एका माणसावर डूख धरून होतो आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायलाच आज बसलोय.

माझा जन्म कागदाच्या गिरणीत झाला, पण मला अक्कल आली ती छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे चित्रकारांची खोली होती. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी थरथरायची आणि शाईच्या बाटल्या हळूहळू टेबलाच्या कडेकडे सरकायच्या. खोलीत चार टेबलं होती. खिडकीजवळचं, उजेडाचं टेबल मास्तरांचं. ते तिथले मुख्य चित्रकार. दाराजवळचं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खाणारं टेबल अक्षरताईचं. चित्रातली माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडाजवळ जे फुगे असतात, त्यांतली अक्षरं काढायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला अक्षरताई म्हणायचे. तिच्या अक्षराला पट्टी लावून बघा, ओळ केसभरही हलायची नाही.

‘काजळी’ ही नवी नायिका. धुराड्यातून बाहेर पडणारी, काळ्या झग्यातली, ज्याचं त्याला मिळवून देणारी. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ शुक्रवारी छापायला जायचं होतं आणि सोमवारी मास्तरांची दाढ ठणकायला लागली. डावा गाल हा एवढा सुजला. “मरतो मी,” असं म्हणत ते घरी गेले आणि तिकडेच राहिले. मंगळवारी अक्षरताईने गठ्ठ्यातून मला उचललं.

तीन दिवस तिने मला खाली ठेवलं नाही. काम करताना जीभ दातांत धरायची तिला सवय होती. काजळीच्या झग्यात काळा रंग भरताना कुंचल्याचा एक केस निघाला आणि शाईत चिकटून बसला. तो अजून तिथेच आहे, भिंगातून दिसतो. सगळं झाल्यावर तिने कुंचला पुसला, थोडा वेळ नुसती बघत बसली, आणि मग उजव्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. बारीकच, पण असं नेटकं की बघत राहावं. आपण कुणाचे तरी आहोत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी मास्तर उगवले. गाल अजून फुगलेला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“बरं जमलंय,” ते म्हणाले. “काजळीचा हात जरा लांब झालाय, पण चालेल.”

मग त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर फर्ड्या वळणाची आपली सही ठोकली आणि सायकलचं पंक्चर काढायला वापरतात तसला रबरी गोंद लावून ती बरोबर अक्षरताईच्या नावावर चिकटवली.

“मास्तर, तिथे माझं नाव होतं,” अक्षरताई म्हणाली.

“अगं, नाव कोण बघतंय? पोरं चित्र बघतात.”

“मग तुमचं तरी कशाला लावलंत?”

चारही टेबलांवरचं काम थांबलं. मास्तरांचा दुसरा गालही लाल झाला. “तुझं काम फुग्यांत अक्षरं भरायचं,” ते म्हणाले. “तेवढंच करत जा.”

अक्षरताईने शाईच्या बाटलीला बूच लावलं, आपले दोन कुंचले रुमालात गुंडाळले आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही. तिचा अर्धा राहिलेला चहा संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच होता. त्या दिवशी मी ठरवलं, हिशेब चुकता केल्याशिवाय मी फाटायचा नाही.

अंक धडाधड खपला आणि मास्तरांचं नाव झालं. माझी मात्र रवानगी गोदामात. छापून झालेल्या मूळ चित्राला त्या काळी काडीची किंमत नव्हती. माझ्यावरच कागद ठेवून सुरीने कापायचे, त्याचे वार अजून माझ्या पाठीवर आहेत. चहाच्या पेल्याचा गोल डागही आहे. पुढे छापखाना बंद पडला तेव्हा मास्तरांनी पन्नासेक चित्रं काखोटीला मारून घरी नेली, त्यांत मी होतो. मग कितीतरी वर्षं मी कपाटामागे उभा. झुरळांनी माझी एक कड कुरतडली. मी ते सगळं सोसलं, कारण माझं लक्ष गोंदाकडे होतं. रबरी गोंद जन्माला पुरत नाही, मित्रांनो. तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि मग त्याची पकड सुटते. मी रोज म्हणायचो, सुक, मेल्या, सुक.

तेवढ्यात जग बदललं. लहानपणी ‘काजळी’ वाचणारी पोरं मोठी झाली, त्यांना पोटं सुटली, हातात पैसा खुळखुळायला लागला आणि त्यांना जुने अंक हवेसे झाले. अंकांचे मेळे भरू लागले. मास्तरांना मानाची खुर्ची, आणि शेजारी घडवंचीवर मी, पारदर्शक पिशवीत.

तिथे मास्तर माझ्या जन्माची गोष्ट सांगायचे. पहिल्या वर्षी सांगितलं, “दाढ दुखत असतानाही काढलं हो!” पुढच्या वर्षी दाढेचा सणसणीत ताप झाला. चौथ्या वर्षी त्या तापात दिवेही गेले आणि त्यांनी मला मेणबत्तीच्या उजेडात काढलं. सातव्या वर्षी काजळीच त्यांच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, “ऊठ, मला काढ.” ऐकणारे डोळे पुसायचे. मी शेजारी उभा राहून मनात दातओठ खायचो. कागदाला दात नसतात, नाहीतर त्या सहीचा तुकडा तरी पाडला असता.

मग मास्तरांनी मला लिलावात काढायचं ठरवलं. लिलाव करणाऱ्या कंपनीत मला नेलं तेव्हा मला कळलं की माझे दिवस भरले. तिथे प्रमाणपत्र तयार होणार होतं, “चित्र संपूर्णपणे मास्तरांच्या हातचं” असं. ते जोडून मला काचेसारख्या जाड प्लास्टिकच्या दोन तावांत कायमचं बंद करणार, आणि घेणारा मला तिजोरीत ठेवणार. आत हवा नाही, ओल नाही, ऊन नाही. गोंद आहे तसा राहणार. म्हणजे अक्षरताईचं नाव गाडलं गेलं ते गाडलंच. मला घाम फुटला असता, पण ओल धरली तर माझ्यावर बुरशी येते.

लिलावाच्या आधी वस्तू बघायला ठेवतात. त्या सकाळी पांढऱ्या टेबलांभोवती संग्राहकांची गर्दी होती. त्यांतल्या एकाच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून त्याला सगळे भिंगवाले म्हणत. त्याने माझा कोपरान् कोपरा तपासला आणि सहीपाशी थांबला.

“मास्तर, पट्टीच्या कडेने गोंदाचा डाग आलाय. आणि खाली काहीतरी लिहिलेलं दिसतंय.”

माझा जीव कानांत गोळा झाला. आता मास्तरांची बोबडी वळणार! पण मास्तर चक्क हसले.

“असेल माझीच पहिली सही. बिघडली असेल, म्हणून वर दुसरी लावली असेल.”

मी त्यांचा चेहरा न्याहाळला आणि मला धक्काच बसला. हा माणूस सोंग करत नव्हता. तो खरोखरच विसरला होता! इतक्यांदा सांगून सांगून त्याची थाप त्याला स्वतःलाच पटली होती. मित्रांनो, इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. ज्याच्या नावाने मी सदतीस वर्षं बोटं मोडली, त्याच्या हे गावीही नव्हतं.

“खालची सही जुनी निघाली तर भाव चढेल,” भिंगवाले म्हणाले.

“मग उचला की!” मास्तरांनी हात पसरले. “सगळ्यांसमोर उचला. लपवायचंय काय आपल्याला?”

कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या बाह्या सारून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन आल्या. “काका, एकदा उचललेली पट्टी परत तशी बसणार नाही,” त्यांनी बजावलं. “तुमची हरकत नाही असं लिहून द्या.” मास्तरांनी झोकात लिहून दिलं. बाईंनी पातळ पातं पट्टीच्या कडेला नुसतं टेकवलं आणि वाळलेली खपली पडावी तशी पट्टी टेबलावर पडली.

खाली अक्षरताईचं नाव होतं. इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे काळंभोर, काल लिहिल्यासारखं. भिंगवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं. कुणालाच ते नाव माहीत नव्हतं.

“ही कोण, मास्तर?”

“ही... ही आमच्याकडे अक्षरं काढायला होती.”

“फुग्यांतली?”

“हो, फुग्यांतली.”

“पण मुखपृष्ठावर फुगा कुठाय?” भिंगवाल्यांनी मला उचलून गर्दीकडे वळवलं. “एकही अक्षर नाही यावर. मग तिने सही कशाची केली?”

 मास्तरांचा हात आपोआप वर गेला आणि डाव्या गालावर टेकला. तिथे मी ते आठवणं डोळ्यांनी पाहिलं. आधी दाढ आठवली, मग शुक्रवार, मग गोंद. ते मटकन खुर्चीत बसले. “पट्टी मीच लावली होती,” ते पुटपुटले. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

लिलाव थांबला. कंपनीच्या माणसांनी आठ दिवसांत अक्षरताईला शोधून काढलं. ती दुकानांच्या पाट्या रंगवत होती. अर्ध्या बाजारपेठेतल्या पाट्या तिच्या हातच्या. जन्मभर तिने दुसऱ्यांची नावं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. एका दुपारी ती आली. केस पांढरे झालेले, नखांत निळा रंग. मी ताठ होऊन वाट पाहत होतो. तिने मला हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, “हात खरंच जरा लांब झालाय.”

मास्तर उभे राहिले. “अक्षरताई, शपथेवर सांगतो, मला आठवतच नव्हतं गं.”

“मला रोज आठवायचं,” ती म्हणाली.

मास्तरांचे डोळे भरून आले. “घेऊन जा हे. तुझंच आहे. घरी लाव.”

“माझंच मला देताय होय? उपकारच झाले.” तिने पर्समधून पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. “आधी लिहून द्या. मागच्या बाजूला. कोणी काढलंय ते.”

मास्तरांनी मला पालथं घातलं आणि लिहिलं. अक्षरताईने चष्मा लावला.

“ओळ तिरकी गेली. खोडा.”

त्यांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

“नावातली अक्षरं सुटी सुटी झालीत. खोडा.”

असं पाच वेळा झालं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. दुरुस्तीवाल्या बाई कळवळून म्हणाल्या, “अहो, कागद विरेल.”

“विरू दे,” अक्षरताई म्हणाली.

माझी पाठ सोलवटून निघत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. हव्या तर अजून दहा ओळी लिहा म्हणावं! सहाव्या खेपेला ओळ सरळ आली. तिने मान डोलावली.

मला वाटलं, आता ही मला घरी नेणार. तिने नेलं नाही, आणि ते मला लागलं, लपवत नाही. तिने मला सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या दालनात देऊन टाकलं. “माझ्या घरी कोण वाचणार?” एवढंच म्हणाली. सूड कसा घ्यायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कारण मास्तरांना दुसरीकडे करमेना. मेळ्यांत त्यांना आता कुणी बोलावत नाही. ते इथे येतात आणि माझ्यासमोर उभे राहतात. मुलं त्यांना विचारतात, “आजोबा, हे कोणी काढलं?” मग त्यांना तिचं नाव घ्यावं लागतं. दर वेळी मी कान टवकारून ऐकतो. परवा एका मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “चष्मा विसरलोय गं.” मुलीने स्वतःच ठणठणीत आवाजात वाचलं आणि विचारलं, “तुम्ही ओळखायचात यांना?”

“हो,” मास्तर म्हणाले. “ती माझ्याकडे कामाला...” ते थांबले. “मी त्यांच्याच खोलीत बसायचो.”

एवढ्याने माझं समाधान झालं नाही. पण ऐकायला बरं वाटलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं. काचेला तेलकट बोटं लावू नका, मला उन्हात टांगू देऊ नका, आणि कुणाच्या कामावर आपली पट्टी चिकटवू नका. माझ्यासमोर आलात की चित्र मागाहून बघा, आधी उजव्या कोपऱ्यातलं नाव वाचा. आणि मोठ्याने वाचा. तो म्हातारा तुमच्या मागेच उभा असतो.