माझ्यावर न लिहिलेली ओळ

मी एक वाहनपरवाना बोलतोय. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात राहणाऱ्या श्रीकांत देशकर सरांचा. सदऱ्याच्या वरच्या खिशातून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. परवान्याला खरं तर बोलता येत नाही, त्याला वाचावं लागतं. आणि सदतीस वर्षं मला कोणी वाचलंच नाही! तेव्हा आज माझं थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म १९७८ चा. तेव्हा मी कार्ड नव्हतो, जाड पुठ्ठ्याचं लहानसं पुस्तक होतो. श्रीकांत पंचवीस वर्षांचा, बी.ए., बी.एड. होऊन घरी बसलेला. त्याचे वडील रामराव अमरावतीकडून नोकरीसाठी इकडे आलेले, स्वभावानं काळजीखोर. "मास्तरकी नाही मिळाली तर गाडी तर चालवशील! उपाशी नाही मरणार," असं म्हणून त्यांनी पोराला माझा फॉर्म भरायला बसवलं.

फॉर्ममध्ये रकाना होता, कोणकोणती वाहनं चालवणार?

"बाबा, फटफटीचंही लिहू का?" श्रीकांतनं विचारलं.

"फटफटीचं काहून लिहितो? ते तर तुला येतेच ना!" रामराव म्हणाले. "जे येत नाही त्याचं लायसन काढायचं असते."

झालं. माझं नशीब तिथं लिहिलं गेलं. जबलपुरातच, गोहलपूर भागात श्रीकांतचा मित्र शैलेंद्र याच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्यांच्या जीपवर श्रीकांत महिनाभर शिकला आणि परीक्षा पास झाला. आणि गंमत पाहा, त्या परीक्षेला हा पठ्ठ्या गेला कसा, तर बाबांच्या फटफटीवरून! माझ्या पानावर शिक्का पडला तो एकच, हलकं मोटार वाहन, म्हणजे चारचाकी. दुचाकीची ओळ आलीच नाही.

पुढच्याच वर्षी त्याला जवळच्या सिहोरा गावातल्या एका शाळेत भूगोलाच्या मास्तराची नोकरी लागली. म्हणजे मी ज्यासाठी जन्मलो ते कामच संपलं. त्यानंतर सरांनी चारचाकीच्या चाकाला हात लावला नाही. फटफटी मात्र रोज. रोज सिहोऱ्याला जाणं-येणं, थंडीत छातीशी वर्तमानपत्र घालून. मी त्याच वर्तमानपत्राला लागून खिशात. खिशातून रस्ता दिसत नाही, पण वळण कळतं. सर डावीकडे कलले की मी कलतो, उजवीकडे कलले की मीही उजवीकडे. असा मी ज्या गाडीवर माझा काही हक्क नाही तिच्यावर हजारो मैल फिरलो.

कधी कोणी अडवलं नाही का? अडवलं ना! चौकातला हवालदार हात करायचा, जवळ यायचा, आणि तोंड पाहिलं की म्हणायचा, "अरे मास्साब, आप! जाइए, जाइए." निम्मं गाव सरांच्या हातचा मार खाल्लेलं. माझी मुदत संपली की नवी मिळायची, पण त्यात जे असतं तेच पुन्हा लिहितात. पुस्तकाचं कार्ड झालं, माझा दुसरा जन्म झाला, तरी ओळ एकच.

आता मीराबद्दल सांगतो. मीरा म्हणजे सरांची बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. हिला वाचायचं व्यसन. दाण्याची पुडी सोडली की पुडीचा कागद वाचणार, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणार, लग्नपत्रिकेच्या तळातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचणार. घरात छापलेली एकही गोष्ट तिच्या तावडीतून सुटली नाही. सुटलो तो मी एकटा. कारण नवऱ्याच्या खिशाला हात लावायचा नाही ही तिच्या माहेरची शिस्त! मी कितीदा मनात म्हटलं, अगं बाई, एकदा मोड ती शिस्त.

२०१५ मध्ये सर निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात मीराच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पार पुढं गेलेला. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या कडा पेन्सिलीनं काळ्या केल्या. "हे असं कडेकडून जात जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपू या," ते म्हणाले. किती दिवस उरलंय, असं सरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष, दोन वर्षं, नक्की सांगता यायचं नाही. 

घरी येताना मीरा मागच्या सीटवर बसून म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर पोरांना हिमनदी शिकवली. तुम्ही तरी पाहिली का हो कधी?"

तिथून न्यूझीलंडचं वेड शिरलं. सरांनी भिंतीवर नकाशा लावला, टाचण्या टोचल्या. क्राइस्टचर्च, टेकापोचं तळं, वानाका, फ्रान्झ जोसेफची हिमनदी, मग आर्थर्स पासच्या घाटावरून परत. खर्च एकदाच झेपणार होता, म्हणून सर म्हणाले, "एखाद्या कंपनीच्या बसनं जाऊ. आरामात."

"बसच्या खिडकीतून?" मीरा म्हणाली. "माझ्या डोळ्यालाच आता खिडकी झाली आहे. त्या खिडकीतून आणखी एका खिडकीतलं काय पाहू? मला मागे बसायचं आहे. मागे बसलं की नाही दिसलं तरी समजते, वळण कुठं आहे, चढ कुठं आहे, पाणी जवळ आलं का."

बस्स! ठरलं. तिकडे जाऊन मोटारसायकल भाड्यानं घ्यायची.

मोटारसायकल! आणि माझ्यावर तिची ओळच नाही. सांगू कोणाला? घरात दुसरा विषय नाही. दिवसाला दीडशे किलोमीटरच, कारण मीराची कंबर. गाडी साडेसहाशे सीसीची, पण मागच्या सीटला पाठ टेकायला टेकण हवं. सामान किती मावतं ते पाहायला सरांनी आपल्या म्हाताऱ्या फटफटीला दोन्ही बाजूंनी सुटकेस बांधल्या आणि मीराला मागे बसवून जबलपूरच्या सदर भागातल्या बाजारातून चक्कर मारली. लोक दारात येऊन पाहत होते. मीरा इतकी हसत होती की तिला ठसका लागला. तिला असं हसताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं, आणि मी इकडे खिशात शरमेनं मरत होतो.

शैलेंद्र आता वर्कशॉपचा मालक. तो रोज संध्याकाळी यायचा आणि चहा पिता पिता म्हणायचा, "मास्टर, लायसेंस-वायसेंस सब तैयार है ना?" सर खिशावर थाप मारायचे, "हे काय, छातीशी लावून ठेवलं आहे." ती थाप मला चपराकीसारखी लागायची.

मग तो दिवस आला. क्राइस्टचर्चला मोटारसायकली भाड्यानं देणारी एक बाई होती, तिचा फॉर्म भरायचा होता. सर संगणकापुढे बसले. त्यांनी मला काढून मीराच्या हातात दिलं. "तू नंबर वाच, मी टाकत जातो."

सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या हातात आलो. तिनं भिंग घेतलं. आता तिला एका वेळी दोनच अक्षरं दिसायची, म्हणून ती भिंग सरकवत सरकवत वाचत होती. नंबर वाचला. सर म्हणाले, "झालं, ठेव." पण ती मीरा! ती थांबली नाही. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, पत्ता वाचला, मला उलटवलं.

"हे एलएमव्ही लिहिलं आहे. हे काय असते?"

"चारचाकी."

"अच्छा. आणि मोटारसायकलचं कुठं आहे हो?"

"असेल खाली."

"खाली काही नाही. खाली कोरं आहे."

सरांनी मला हिसकावून घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.  ज्या घरात दोघांचे चार डोळे होते, त्यात जिचे दोन विझत आले होते तिनंच मला वाचलं. देवा रे, असं कोणाच्या नशिबी नको.

"जी गाडी मला येते तिचं लायसन नाही," सर म्हणाले, "आणि जिचं आहे ती येत नाही. वा रे देशकर!" आणि ते रडायला लागले. बासष्ट वर्षांचा माणूस. मीरा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्र त्यांना घेऊन गोहलपुरात गेला. तिथं एक दलाल बसला होता. "हूबहू दूसरा कार्ड बना दूँगा, सर. तारीख भी पुरानी," तो म्हणाला. "परदेस में कौन पूछता है?"

"भाभी के लिए कर लो, यार," शैलेंद्र म्हणाला. त्याचा जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू.

सरांनी मला टेबलावर ठेवलं. दलालाची बोटं माझ्यावर आली. मला वाटलं, संपलो मी. आयुष्यभर अपुरा होतो, आता खोटा होणार. पण सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी घसरली तर विमावाले हेच कार्ड पाहतील, शैलेंद्र. मी पडलो तर पडलो. पीछे मीरा बैठेगी ना, भैया!" आणि मला उचलून खिशात घातलं. तेवढ्या क्षणाला मी माझी सगळी वर्षं माफ केली त्यांना.

मग सरांनी रीतसर शिकाऊ परवाना काढला. नियम म्हणजे नियम, फटफटीला पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावला. सगळं गोरखपूर हसलं. हवालदार धावत आला, "मास्साब, यह एल किसका है?" सर म्हणाले, "मेरा है, बेटा." परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो. सदतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसानं पहिल्या खेपेला भर मैदानात पाय टेकला आणि नापास झाला! दुसऱ्या खेपेला जमलं. माझा तिसरा जन्म झाला. माझ्यावर दुसरी ओळ आली आणि तिच्यापुढे त्या दिवसाची तारीख.

सरांनी त्याच दुपारी माझा फोटो त्या बाईला पाठवला. उत्तर फार नम्र होतं. परवाना पाहून आनंद झाला, पण मोटारसायकलचा परवाना किमान दोन वर्षांचा जुना लागतो, त्याशिवाय गाडी देता येत नाही, क्षमा असावी.

दोन वर्षं. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड किंवा दोन.

सरांनी ते उत्तर छापलं, त्याची घडी घातली आणि ते माझ्याशेजारी खिशात ठेवलं. तीन दिवस आम्ही दोघं अंगाला अंग लावून होतो, मी आणि तो कागद. चौथ्या दिवशी सरांनी मीराला सांगून टाकलं. म्हणाले, "बसनं जाऊ. आत्ता जाऊ. निदान दिसेल तरी तुला. माझ्या मूर्खपणाची शिक्षा तुला नको."

मीरानं भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मूर्खपणा मामंजींचा, तुमचा आणि माझाही. मी जगाचे कागद वाचले, घरचा नाही वाचला. दोन वर्षांनी जाऊ. मागेच बसीन."

"आणि तोवर डोळे..."

"तर तुम्ही सांगत चला. छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं ना न पाहिलेलं? मला पाहून सांगा. आणि तोवर मी शिकते."

"काय शिकतेस?"

"न पाहता बसायला."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते सिहोऱ्याच्या रस्त्याला जातात. मीरा मागे डोळे मिटून बसते आणि ओरडून सांगते, "डावं वळण! आता चढ! आता नदी आली, गार लागलं!" सर हो किंवा नाही म्हणतात. सुरुवातीला दहातली सहा बरोबर यायची. आता नऊ येतात. पोरखेळ वाटेल तुम्हाला, पण मी खिशात श्वास धरून बसलेला असतो.

आज माझ्या दुसऱ्या ओळीला चौदा महिने झाले. दहा राहिले. मला आता जुनं व्हायची घाई झाली आहे. अशी घाई कोणाला असते हो? पण मला आहे. माझं एवढंच मागणं, तुमच्या खिशात, कपाटात, गादीखाली माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला आजच बाहेर काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आम्हाला हाक मारता येत नाही.

मागच्या रविवारी दहाच्या दहा बरोबर आली. सरांनी कौतुकानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "वा! आता उघड डोळे."

मीरा म्हणाली, "उघडेच आहेत हो, सकाळपासून."

 सरांनी मागे हात नेऊन तिचा हात घट्ट धरला, गाडी सुरू केली आणि म्हणाले, "समोर उसाचं शेत आहे, मीरा. हिरवं. त्यात दोन बगळे उभे आहेत." आणि घरापर्यंत ते एकेक गोष्ट सांगत आले.