वॉचमनच्या झोपेची काळजी

आमच्या कारखान्यात कामगाराच्या तब्येतीची काळजी कोणी केलेली मी तोवर पाहिली नव्हती. मिक्सिंग खात्यातल्या एकाचा हात भाजला, तेव्हा त्याला मलम दिलं आणि हातमोजे का घातले नाहीत म्हणून मेमोही दिला. तो मेमो मीच टाइप केला. कारखान्यात हातमोजे आलेच नव्हते, पण असलं काही मेमोत लिहायचं नसतं. त्यामुळे पंच्याऐंशी साली अख्खं मॅनेजमेंट एका वॉचमनला झोप येत नाही म्हणून हवालदिल झालं, तेव्हा मला वाटलं, माणसं सुधारली. एवढी वर्षं नोकरी करूनही मी भाबडीच राहिले होते.

कारखाना पावणे गावातला, रंगाचा. मी तिथे टायपिस्ट. वाशीहून कंपनीच्या बसने यायची. वॉचमनचं नाव वामन. तो पावणे गावचाच. आमचं ऑफिस जिथे उभं होतं तिथे पूर्वी त्याचं भाताचं खाचर होतं. जमीन गेली आणि बदल्यात त्याला गेटवरची रात्रपाळी मिळाली. आपल्याच शेतात बसून दुसऱ्याच्या मालाची राखण करायची, याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. मी असते तर रोज बोलले असते.

वामन गांजा ओढायचा. गावदेवीच्या देवळात भजनी मंडळ बसायचं, तिथे टाळांबरोबर चिलीमही फिरायची, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. भजन आटोपलं की दोन दम मारून तो ड्यूटीवर यायचा. मागच्या गेटच्या केबिनमधल्या खुर्चीत एकदा टेकला की सकाळच्या भोंग्यालाच उठायचा. आणि गंमत म्हणजे त्याच्यासारखा वॉचमन अख्ख्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये नव्हता! चोरीची एकही तक्रार नाही. आमचे मॅनेजर अरविंदसाहेब यांनी त्याला सव्वीस जानेवारीला आदर्श सुरक्षा कर्मचारी म्हणून स्टीलचा डबा दिला होता.

मग त्याची लेक गोजरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पोरगी फटकळ. आल्या आल्या तिने बापाला दारातच अडवलं.

"बाबा, तुमच्या तोंडाला हा वास हाय, तवर नातवाला मांडीवर देनार नाय. आताच सांगून ठेवते."

वामनने त्या संध्याकाळी चिलीम खाडीत टाकली. हे मला त्यानेच सांगितलं. गांजा सुटला, पण त्याच्याबरोबर झोपही गेली. ड्यूटीवर डोळे टक्क उघडे. सकाळी घरी जाऊन पडायचं, तर बायको सुमित्राबाई कोळंबी सोलत बसलेली, बाहेर खडी फोडणाऱ्या क्रशरची खडखड, आणि हा आढ्याकडे बघत. पंधरवड्यात माणूस सुकून गेला. एका सकाळी पाळी संपवून माझ्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला.

"बाई, मना लय भ्या वाटतं," तो म्हणाला. "भजनातला देवजी रोज देवळातून हाक मारतो. एक दम मारला ना, तर आता झोप येल. पन मग गोजरा पोर देनार नाय. ती बोलते तशी करते."

मला त्याची फार दया आली. आमच्या घरी माझा नवरा विलास जेवता जेवता झोपतो, त्यामुळे झोपेचं मोल मला कधी कळलंच नव्हतं. मी अरविंदसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि वामनला रात्रभर झोप लागत नाही असं सांगितलं.

साहेब खुर्चीतून उठलेच.

"रात्रभर? म्हणजे केबिनमध्ये जागाच असतो?"

"हो ना. पापणीला पापणी लागत नाही."

"अरे अरे अरे," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. मला वाटलं, किती हळवा माणूस! त्यांनी लगेच स्टोअरकीपर नंदकिशोरला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून वामनच्या झोपेची मोहीम सुरू झाली. साहेबांचं एकच म्हणणं होतं, सवय लागणार नाही असं काहीतरी हवं. गोळीबिळी नको. हे ते जेवणानंतर सांगत, आणि सांगताना तोंडाला पेगचा वास असे. तो पेग त्यांना डॉक्टरने हृदयासाठी सांगितला होता. नंदकिशोरने घरून ब्राह्मीचं तेल आणलं. व्यसन वाईट, हे त्याने दाढेतली तंबाखू गालात सरकवून वामनला नीट समजावलं. साहेबांच्या घरून थर्मास यायला लागला, जायफळ घातलेल्या दुधाचा. पर्सोनेलवाल्यांनी केबिनमध्ये चटई टाकून शवासन शिकवलं, तेही वामन ड्यूटीवर हजर झाल्या झाल्या. खुर्ची नेऊन तिथे कापसाची गादी ठेवली. गेटवरच्या दिव्याचा डोळ्यांना त्रास होतो म्हणून तोही काढला. पगार देऊन ठेवलेल्या पहारेकऱ्याला पहाऱ्यावरच झोपवायला एवढा खटाटोप करणारी कंपनी जगात दुसरी नसेल.

आणि मी मूर्ख, घरी विलासला सांगत होते की आमचे साहेब म्हणजे देवमाणूस. तो झोपेतच हुंकार देत होता.

वामन बिचारा सगळं मनापासून करी. दूध पिई, तेल चोळी, शवासनात मेल्यासारखा पडे आणि डोळे उघडे ठेवून छताच्या पत्र्यातले स्क्रू बघत राही. दिवसा घरीही तेच. सुमित्राबाईने त्याच्या कपाळावर कांदा बांधला. गोजरा जाता येता त्याचं तोंड हुंगायची आणि मान डोलवायची. ती मान डोलली की आजचा दिवस निभला, असं तो म्हणे.

शेवटी साहेबांनी कंपनीचे डॉक्टर आणवले. ते आठवड्यातून एकदा येत, सिगारेट पेटवत आणि सगळ्यांना कमी करा म्हणून सांगत. त्यांनी वामनची नाडी पाहिली.

"काहीतरी मोजत जा," ते म्हणाले. "समोर दिसेल ते. मोजता मोजता झोप लागते. याची सवयही लागत नाही."

"साहेब, काय मोजू?"

"अरे, काहीही मोज. जे समोरून जाईल ते."

साहेब तिथेच उभे होते. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या तेव्हा काही लक्षात आलं नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही.

महिनाअखेरीला फोर्टच्या हेड ऑफिसातून मोठे साहेब वार्षिक तपासणीला आले. अरविंदसाहेबांनी त्यांना सगळा कारखाना फिरवला आणि जाता जाता, आम्ही कामगारांचं किती बघतो हे दाखवायला, वामनला पुढे केलं. पाळी संपूनही त्याला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. अंगावर इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्याला ब्राह्मीचं तेल.

"याला व्यसन होतं," अरविंदसाहेब म्हणाले. "आम्ही सोडवलं. आता झोपेवर उपचार चालू आहेत. काय वामन, कसं वाटतं?"

"बरा हाय साहेब," वामन म्हणाला. "पन त्या मोजन्यानं काय झोप येत नाय."

मोठे साहेब हसले. "काय मोजतोस?"

"पिंपं. रातीला मागच्या गेटनं ट्रक भरतात ना, रंगाची पिंपं, नंदकिशोर साहेब उभे असतात. ती मोजतो. पन ती लवकर सपतात आनी मी तसाच जागा." मग तो अरविंदसाहेबांकडे वळला आणि हात जोडले. "साहेब, एक ट्रक आजून वाढवा ना. मोठा असला तर झोप येल."

नंदकिशोरने तंबाखू गिळली असावी, कारण त्याला ठसका लागला. मागच्या गेटने रात्री माल जातो हे मोठ्या साहेबांना माहीत नव्हतं. माहीत असण्यासारखी ती गोष्टही नव्हती. मला मात्र त्या क्षणी थर्मास आठवला, गादी आठवली, काढलेला दिवा आठवला, आणि स्वतःचा इतका राग आला की टाइपरायटरचं झाकण मी आपटून बंद केलं.

पुढे चौकशी झाली. चौकशी म्हणजे चहा झाला, बिस्किटं झाली आणि मी बरीच पानं टाइप केली. त्यातून असं निघालं की चूक सुरक्षाव्यवस्थेची होती. नंदकिशोरला घरी बसवलं. अरविंदसाहेबांची बदली झाली, यापेक्षा मोठ्या कारखान्यात. नव्या मॅनेजरने वामनला बोलावून रात्रपाळीवरून काढलं आणि दिवसपाळी दिली. रात्री जागणारा वॉचमन वातावरणाला बरा नाही, असं ते मला म्हणाले. मी पाळीबदलाचा मेमो टाइप केला.

थर्मास बंद झाला, गादी गेली. वामनच्या झोपेत आता कोणालाच रस उरला नव्हता. दिवसभर गेटवर उन्हात उभा राहायचा आणि घरी जाऊन पुन्हा आढ्याकडे बघायचा. देवजी अजून हाक मारत होता. बसच्या खिडकीतून मी रोज त्याचा चेहरा बघायची आणि मनात म्हणायची, आज तरी टिकू दे रे बाबा.

गोजराला मुलगा झाला. सुमित्राबाईने मला पाचवीला बोलावलं. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, म्हणून त्यांच्याकडे रात्रभर कोणीतरी बाळाजवळ जागं राहायचं असतं. डोळा लागला तर काय लिहिलं जाईल सांगता येत नाही. या वेळी माणूस शोधायची गरज नव्हती.

"आमच्या घरात जागा एकच मानूस," सुमित्राबाई हसून म्हणाली.

दिवेलागणीची वेळ होती. पाटा पुजला होता, बायका गाण्यांना सुरुवात करत होत्या. वामन भिंतीला टेकून मांडी घालून बसला. गोजरा बाळाला घेऊन त्याच्यासमोर आली, खाली वाकली आणि रोजच्यासारखं त्याचं तोंड हुंगलं. मग बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

वामन बाळाकडे बघत राहिला. त्याने एक बोट पुढे केलं, बाळाने ते धरलं. पहिलं गाणं संपायच्या आत त्याची मान छातीवर पडली आणि तो घोरायला लागला. बाळ दचकलंसुद्धा नाही.

बायकांत एकच कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "अगं उठवा त्याला, राखनदारच झोपला! सटवाई काय लिवील?"

गोजराने बापाच्या आणि बाळाच्या अंगावर एकच गोधडी ओढली.

"काय लिवायचं ते लिवू दे," ती म्हणाली. "पन माझ्या बापाला कोनी उठवलं, तर बघा."