सगळ्यांसाठी मागितलेली सकाळ

सुलक्षा बोलू लागली की आधी सूर यायचा आणि शब्द त्याच्या मागून. खोल, किंचित सानुनासिक, वाक्याच्या शेवटी खाली न उतरता तिथेच थांबून राहणारा तो सूर आमच्या विद्यापीठाच्या पठारावरचा नव्हताच. तो पेडण्याच्या आतल्या अंगाला, नदीपलीकडच्या एका देवळाच्या चौकातून आला होता. तिथे तिचे वडील साऱ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालीत. कुणाच्या घरातले आजारपण, कुणाच्या लेकीचे लग्न, कुणाची हरवलेली म्हैस. प्रत्येक मागणीनंतर ते क्षणभर थांबत आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून आपला होकार त्या शांततेत ओती. लेकीने ते थांबणे तंतोतंत उचलले होते.

ती माझी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून डोळा लावला की तिच्या मुद्रेवरचा प्रौढ सावधपणा विरघळे आणि ओठ नकळत उघडे राहत. पाळीच्या खाणपट्ट्यातून येणाऱ्या मुलांना खनिज म्हणजे दारा-खिडक्यांवर बसणारी तांबडी धूळ, आयुष्यभराचा वैताग. त्यांना ती हाताला धरून भिंगापाशी आणी. “तुमी धूळ पुसतात. हांगा तिचो रंग पळयात,” इथे तिचा रंग पाहा, एवढेच म्हणे आणि बाजूला होई. शिकवण्याचा पगार मला होता, हे अशा वेळी मीही विसरत असे.

हिवाळ्यात पठारावरचा प्रकाश फार लवकर आवरता घेतो. काजूच्या झाडांमागे ऊन उतरले की खिडक्या पिवळट होत, मग राखाडी. आणि आमची प्रात्यक्षिके नेमकी त्याच वेळी रंगात आलेली असत. डिचोली-पेडण्याच्या मुलांचे अर्धे लक्ष भिंगात, अर्धे शेवटच्या बसकडे. बस चुकली की मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर, आणि मुलींच्या घरून दुसऱ्या दिवशी शिक्षण बंद करण्याच्याच गोष्टी. दोघीजणी तर सोडून गेल्याही. म्हणून वर्गाने सुलक्षाला प्रतिनिधी म्हणून निवडले आणि विद्यापीठाच्या मंडळात पाठवले.

त्या बैठकीला मी होतो. दुपारी प्रयोगशाळा दुसऱ्या वर्गांना दिलेली. रिकामी होती ती फक्त भल्या सकाळची वेळ. ती उभी राहिली, हात पुढे जोडल्यासारखे धरले आणि एकेकाची अडचण त्याच्या गावासकट मांडत गेली. आवाज चढला नाही, डोळे पाणावले नाहीत. शेवटी तिने प्रात्यक्षिकांसाठी सकाळ मागितली आणि थांबली. तिच्या त्या थांबण्यात कुणी काही ओतले नाही. वातानुकूलन यंत्र घरघरत राहिले, एका प्राध्यापकांनी बिस्किट चहात बुडवले. आमच्याकडे ‘व्हय’ म्हणायलाही उपसमिती लागते. बऱ्याच वेळाने अध्यक्षांनी, मनाने भले गृहस्थ ते, विचारले, “तुका जमतलें मगे, बाय?”

“सगळ्यांक जमता, सर,” ती म्हणाली.

सकाळ मिळाली. तिचे गाव मात्र त्या ‘सगळ्यां’त नव्हते. नदीपलीकडून निघणाऱ्या पहिल्या बसने म्हापशाला पोचून, पुढे पणजीला बदलून ती पठार चढेपर्यंत आम्ही सूक्ष्मदर्शकांवर आवरणे घालत असू. दारात उभी राहून ती ते पाहत असे. वसतिगृहातल्या जागा केव्हाच भरलेल्या. बोलताना हे तुला ठाऊक नव्हते का, असे मी एकदा जरा रागानेच विचारले. तिने सरळ माझ्याकडे पाहिले. “गाऱ्हाणां घालतल्यान आपणाखातीर मागूचां नसतां, सर,” ती म्हणाली, आणि वडिलांची शिस्त सांगताना येतो तसा अभिमान तिच्या चेहऱ्यावर आला.

मला ते तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. देवासमोर ही रीत शोभते. देवाला न सांगताही कळते म्हणतात. मंडळाला कळत नाही. तिथे जो सगळ्यांसाठी बोलतो, त्याने स्वतःलाही सगळ्यांत मोजायला हवे, नाहीतर ‘सगळे’ हा शब्दच अपुरा राहतो. पण हे तिला समजावीपर्यंत हजेरीचा नियम आपले काम करून गेला. तिने भूशास्त्र सोडले आणि घराजवळ बी.एड.ला नाव घातले. जाताना तक्रारीचा एक शब्द नाही. त्या शांतपणाचा मला अजून त्रास होतो.

आता प्रयोगशाळेत सकाळचे तिरपे ऊन येते, पाळीची, डिचोलीची, पेडणे गावातली मुले वेळेवर हजर असतात, आणि दिवस मावळायच्या आत मुली घरी पोचतात. ही वेळ पूर्वापार अशीच आहे असे त्यांना वाटते. मिळालेली गोष्ट अंगवळणी पडली की मागणाऱ्याची आठवण काळ अलगद काढून घेतो. तिला अगदी असेच हवे होते, आणि मला ते सोसत नाही.