दर रविवारची विहीर

सुलूनं रेडिएटरवर तळहात ठेवला आणि ती चाटच पडली. मागं इंजिनातून वाफा निघत होत्या, अन् इथं पुढं रेडिएटर माठासारखा गार!

"बाबा, हे थंड आहे!"

"हात काढ, भाजेल."

"थंड आहे म्हणतेय ना!"

आणीबाणी उठली त्या वर्षी बाबांनी ही गाडी मोडीत घेतली होती. बोईसरच्या कारखान्यात ते फिटर. दोन वर्षं सुट्ट्या घालवून त्यांनी मागं दुसरं इंजिन बसवलं, पुढं रेडिएटर, आणि दोन्हींना जोडणारे दोन लांब पाइप गाडीच्या पोटाखालून नेले. पाइप धरायला सुलूच होती. म्हणजे गाडी निम्मी तिचीच! पण रविवारी सातपाटीला मासळी आणायला निघालं, की शिरगावच्या अलीकडे, बुधीमावशीच्या विहिरीपाशी, ती उकळायचीच. आज निघतानाच आईनं सांगून टाकलं होतं, "आज उकळली, तर उद्या भंगारवाल्याला देणार."

आता आई पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर गप्प बसली होती. ओरडली असती तर बरं होतं.

"आली का आमची पावनी!" बुधीमावशी दोर घेऊन हसतच आली. "थांबा, पानी काडते."

"पाणी काठोकाठ आहे हो," बाबा वैतागून म्हणाले. "तरी उकळते."

मावशीनं कळशी विहिरीत सोडली. ती उपडी पडली आणि नुसती तरंगत राहिली. मावशीनं दोराला हिसका दिला. कळशी कलंडली, बुडुक बुडुक हवा निघाली, आणि मग ती भरून जड झाली.

सुलू वाकून बघतच राहिली.

"बाबा! पाइपात हवा अडकलीय! आपण पाणी ओततो पुढून, अन् हवा बसलीय मागं, उंचावर. गाडीचं नाक वर करू या, म्हणजे ती पुढून निघेल!"

"आता तू मला फिटरकी शिकव!"

पण बाबा गाडीखाली वाकले. जपून पाइप चाचपत गेले. मागं कढत, पुढं गार. मग रस्त्याकडेच्या चढाकडे बघत म्हणाले, "तिथं चढवावी लागेल."

बाबा स्टिअरिंगला बसले. सुलू आणि मावशीनं मागून जोर लावला. गाडी हलेना. तेवढ्यात दार वाजलं. आई उतरली, पदर खोचला आणि तिनं गाडीला खांदा लावला.

"बघत काय बसलात? ब्रेक सोडा की!"

नाक वर करून गाडी चढावर उभी राहिली. इंजिन निवल्यावर बाबांनी रेडिएटरचं झाकण काढलं, इंजिन चालू केलं. आधी एक बुडबुडा. मग ढेकरांमागून ढेकर! पाणी सर्रकन खाली गेलं. एक कळशी, दुसरी, तिसरीही अर्धी आत गेली. सुलूनं पुन्हा हात लावला.

"आई गं! भाजलं!" ती ओरडली आणि टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

"म्हंजे आता तुमी हितं थांबनार नाय," मावशी रिकामी कळशी उचलत म्हणाली.

संध्याकाळी सातपाटीहून परतताना गाडी झोकात धावत होती. विहीर दिसली तशी आईनं बाबांच्या खांद्यावर टिचकी मारली. गाडी थांबली. मावशी कळशी घेऊन धावत आली.

"उकळली काय गो?"

"नाही हो." आई खाली उतरली, ओंजळ पुढं केली. "मला तहान लागलीय."