न उडणाऱ्या माश्यांची सोयरीक

स्वानंदी पुण्याहून बंगळूरला आली ती माश्यांवर पीएचडी करायला. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्या चिलटांवर. तिच्या बाटलीत एक वाण भलतंच निघालं. पंख धडधाकट, पण उडायचं नाव नाही. पंगत उठल्यावर लोडाला टेकलेल्या पाहुण्यांसारख्या नुसत्या बसून! बिघडलेला जीन नवा निघाला, तर त्याचं बारसं करायचा मान स्वानंदीचा.

पण शेजारच्या टेबलावर विश्वेश्वरकडेही न उडणाऱ्या माश्या होत्या. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्याने आपल्या जीनला ‘मुद्दे’ नाव देऊनही टाकलेलं. मुद्दे म्हणजे इथला नाचणीचा गोळा; तो खाल्ला की माणूस जागचा हलत नाही, म्हणून.

निवाडा सोपा होता. तिच्या माद्या, त्याचे नर. दोघांकडे बिघडलेला जीन वेगळा असेल, तर एकाची उणीव दुसरा भरून काढणार आणि पोरं झाडून सगळी उडणार. जीन एकच असेल, तर सगळी बसणार. अट एकच, माद्या कुमारिका हव्यात. जन्मल्या की लगेच भावांपासून वेगळ्या काढायच्या. त्या दिवशी स्वानंदी तापाने झोपलेली, म्हणून ते काम विश्वेश्वरने केलं.

पोरं जन्मली आणि बसून राहिली.

‘‘आपली सोयरीक जमली, अक्का,’’ विश्वेश्वर कॉफी घेत म्हणाला. ‘‘एकच जीन. मुद्दे.’’

रडवेल्या स्वानंदीने बाटलीचा कापूस काढला. त्यासरशी एक माशी भुर्रकन उडाली आणि थेट त्याच्या कॉफीत पडली.

‘‘विशू, ही उडाली कशी? एकच जीन असता तर एकही उडायला नको!’’ तिने डोळे बारीक केले. ‘‘म्हणजे ही तुझ्या नराची, आणि बसलेली पोरं माद्यांच्या भावांची, आईबाप दोघांत तीच उणीव. खरं सांग, माद्या कधी वेगळ्या काढल्यास?’’

‘‘सकाळीच... म्हणजे स्वल्प उशीर झाला. आईने देवनहळ्ळीला नेलं. मुलगी बघायला.’’

‘‘तू मुलगी बघून येईपर्यंत इथे माझ्या मुलींची लग्नं उरकली, मेल्या!’’

पुढच्या खेपेला माद्यांवर दोघांनी मिळून पहारा दिला. पोरं झाली आणि बाटलीभर नुसती भिरभिर. जीन नवा!

‘‘नाव काय ठेवणार?’’ त्याने पडेल आवाजात विचारलं.

‘‘स्वल्प,’’ स्वानंदी म्हणाली. ‘‘आणि त्या मुलीचं काय झालं?’’

‘‘नाही म्हणाली.’’

स्वानंदीने आपली कॉफी त्याच्यापुढे सरकवली. आधी आत वाकून बघितलं मात्र.